अंगठा आणि बटण

माणूस पडला की त्याच्याजवळ पोचायच्या आधीच भाऊंचा अंगठा वर गेलेला असे. शेजारचं बोट अर्धं तुटलेलं, त्यामुळे तो अंगठा होता त्याहून मोठा दिसायचा. पडलेला अजून "आई गं" म्हणतोय, तोवर भाऊ जगाला सांगून मोकळे : "काय झालेलं नाय. माफी मुश्किला!" म्हणजे काही अडचण नाही. दापोलीकडची बोली आणि आखातातली अरबी, दोन्हींत तीच थाप. मला त्या अंगठ्याची किळस होती, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायची रीत आहे. ती माझ्याच्याने पाळली जाणार नाही. आणि भाऊ काही वारलेले नाहीत, फक्त सौदीतल्या यान्बूतून गेले आहेत.

यान्बूत ते तेलाच्या प्लांटवर एका ठेकेदार कंपनीत सेफ्टी सुपरवायझर होते. मी तिथल्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढतो, तरी कामगारांच्या कॅम्पातली माणसं मला डॉक्टरच म्हणतात. मी नाही म्हणायचं सोडून दिलं आहे.

तुमच्यापैकी कुणी अशा प्लांटच्या फाटकातून गेलं असेल, तर तो फलक पाहिला असेल : "अपघाताविना इतके दिवस." आकडा रोज एकने वाढतो. मोठा आकडा झाला की केक कापतात, टोप्या वाटतात, साहेब फोटो काढून घेतात. माणसं काय तेव्हा पडायची थांबलेली असतात? पडतात ती. त्यांना भाऊ माझ्याकडे घेऊन यायचे, आणि मी फिल्म लावायच्या आत म्हणायचे, "साधं मुरगळलंय, डॉक्टर."

जाधव म्हणून एक वेल्डर आहे, गुहागरचा. त्याला आणलं तेव्हा मनगटाच्या हाडाचे सरळ दोन तुकडे दिसत होते. मी फिल्मवर बोट ठेवून म्हटलं, "भाऊ, हाड मोडलंय."

"मोडलंय ता मला पण दिसतंय," भाऊ म्हणाले. "पण झालेलं काय नाय."

दुसऱ्या दिवशी जाधव प्लास्टर घालून सेफ्टीच्या ऑफिसात खुर्चीवर बसलेला. लाल प्लास्टिकची खुर्ची होती, खास त्यासाठीच. खुर्चीवर बसला म्हणजे हजेरी लागली, हजेरी लागली म्हणजे माणूस कामावर, आणि माणूस कामावर म्हणजे अपघात नाही. हाड जुळेपर्यंत त्याने त्या खुर्चीवर बसून भिंतीकडे बघितलं, आणि बाहेर फलकावरचा आकडा वाढत राहिला. मला त्या खुर्चीची शिसारी आली. तसं मी भाऊंना तोंडावर बोललो.

ते रागावले नाहीत. फ्लास्कमधून मला काळा चहा ओतून दिला आणि आपलं तुटकं बोट पुढे केलं. पहिल्यांदा आखातात आले तेव्हा ते साधे हेल्पर होते. दुसऱ्याच कुठल्या कंपनीत पाइपाखाली बोट सापडलं. भाऊंनी खरं ते सांगितलं, खरं ते लिहिलं गेलं, आणि कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, फायनल एक्झिटचा, कायमचं घरी जायचा, शिक्का मारून परत पाठवलं. "घरी गेलो, आयशीने दार उघडलान. आधी माझी बॅग बघितलान, मग बोट." त्यानंतर कित्येक वर्षांनी परत येता आलं, तेव्हा आपल्या हाताखालच्या एकाही माणसाला असं पाठवू द्यायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. जाधवची नोकरी त्या लाल खुर्चीने वाचली, हे खरंच आहे. चहा तसाच ठेवून मी उठलो.

शुक्रवारी आम्ही पाच-सहा जण हिवाळ्यात डोंगरात जायचो. यान्बूच्या मागे रदवाचा डोंगर आहे. नुसते खडक, काटेरी झुडपं, कोरड्या नदीत एखादा उंट. थोडं आत शिरलं की फोन मरतो. म्हणून भाऊंनी सॅटेलाइट बीकन घेतला होता, आपल्या नावावर. नारिंगी रंगाची डबी, छातीच्या पट्ट्याला अडकवलेली, आणि तिच्यावर झाकणाखाली लाल बटण. ते दाबलं की उपग्रहामार्फत तुमची जागा कळते आणि बचावपथक निघतं.

प्लांटवर रोज सकाळी सुरक्षिततेचं प्रवचन होतं, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. भाऊ ते डोंगराच्या पायथ्याशीही घ्यायचे. आम्हाला ओळीत उभं करून विचारायचे, "बटण कधी दाबायचा?"

आम्ही शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात म्हणायचो, "जीव किंवा हातपाय जाणार असेल, आणि आपल्याला खाली नेता येत नसेल तेव्हा."

"आणि?"

"उजेड असताना. आणि दाबल्यावर जागा सोडायची नाही."

एकदा पुण्याच्या एका इंजिनिअरचं पाणी संपलं, पायात गोळे आले, आणि खडकावर बसकण मारून तो म्हणाला, "दाबा आता ते बटण, मला नाही जमणार." भाऊंनी त्याला आपलं पाणी दिलं, मीठ-साखर चाटवली, पाय चोळून दिले. "ही काय टॅक्सी हाय? आपल्यासाठी निघालेलं हेलिकॉप्टर दुसऱ्या कुणाच्या जीवावरनं येतं." मग हाताला धरून त्याला खाली आणलं. मला हे सांगायलाच हवं, कारण त्या दिवशी मला भाऊंचा अभिमान वाटला होता. नियम त्यांना नीट माहीत होता. तुमच्या-आमच्यापेक्षा चांगला माहीत होता. म्हणून तर पुढच्या गोष्टीची इतकी चीड येते.

त्या शुक्रवारी आम्ही तिघेच होतो. भाऊ, जाधव आणि मी. दुपार कलल्यावर उतरायला लागलो. एका घळीत भाऊंनी पाय ठेवला तो धोंडाच हलला. ते खाली गेले, पाय दोन खडकांत अडकला, आणि अंग भलतीकडे वळलं. आम्ही पाय सोडवला तेव्हा गुडघा जागेवर नव्हता.

अंगठा वर होता. "काय झालेलं नाय. पट्टी बांधा, उतरू."

मी त्यांचा बूट काढला. पाऊल पांढरं पडलं होतं, हाताला गार लागत होतं. पावलावर नाडी शोधली, सापडेना. गुडघा असा निखळला की मागची रक्तवाहिनी तुटू शकते, आणि मग पायाला थोडाच वेळ असतो, इतकं मी दवाखान्यात राहून शिकलो आहे. मी म्हटलं, "भाऊ, बटण दाबा. पाय जाईल."

त्यांनी डबी मुठीत धरली. "नाय. माझ्या नावावर हाय ती. कंपनीत कळंल. सेफ्टीचाच माणूस हेलिकॉप्टरातनं नेला म्हणतील. या वयात एक्झिट मारला तर मी कुठं जाऊ?"

"अहो, पाय जातोय तुमचा!"

"मला उभा कर, जाधव."

जाधवने उभं केलं. भाऊ एक पाऊलही न टाकता पांढरेफटक पडून खाली बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. मी ओरडत होतो, शिव्या देत होतो. जाधव रडकुंडीला येऊन नुसता म्हणत होता, "भाऊ, द्या ना ओ." पण तो काही हात लावेना. ज्या माणसाने आपल्याला खुर्चीवर बसवून वाचवलं, त्याची मूठ उघडायची कशी? असं करता करता ऊन घळीतून निघून वर सुळक्यावर गेलं. शेवटी मीच त्यांच्या छातीवर गुडघा टेकला आणि एकेक बोट उघडलं. झाकण उचललं, बटण दाबलं. भाऊंनी तोंड फिरवलं.

आणि तरी कुणी येईना. का ते मागाहून कळलं. बटण दाबलं की खात्री करायला आधी घरच्या माणसाचा नंबर फिरवतात. तो नंबर आपण नोंदवायचा असतो. घरचे घाबरून कंपनीत फोन करतील आणि तिथे सुगावा लागेल, म्हणून भाऊंनी स्वतःचाच नंबर नोंदवला होता. तो फोन त्यांच्याच खिशात, रेंज नसलेला, मुकाट पडलेला. ज्याचा जीव जातोय त्यालाच विचारणार, की तुमचा जीव जातोय का! माझ्या डोक्यात तिडीक जाते अजून.

फोन लागेना तेव्हा शेवटी ते निघाले, पण तोवर अंधार पडला होता आणि हेलिकॉप्टर घळीत उतरेना. बचावपथकाची पोरं स्ट्रेचर घेऊन पायी वर आली. सौदी पोरं, धापा टाकत, एकाचा हात खडकावर सोलून निघालेला. भाऊंनी त्यांच्याकडे बघून अंगठा वर केला. "माफी मुश्किला!"

तो सोललेल्या हाताचा पोरगा भडकला. "फी मुश्किला, या अम्मी! फी!" आहे, चाचा, अडचण आहे, आहे! आयुष्यात मी अरबीत इतकं खरं वाक्य ऐकलेलं नाही.

पाय मांडीतून कापावा लागला. सर्जन म्हणाले, उजेडातच आणला असता तर वाचवायचा प्रयत्न तरी करता आला असता. शुद्धीवर आल्यावर भाऊंनी मला जवळ बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "फलक?"

सुट्टीच्या दिवशी, बाहेर पडलेला माणूस फलकात धरत नाहीत. आकडा तसाच वाढत होता. मी तसं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला, ते हसले. मी खोलीबाहेर निघून आलो.

कंपनीने काय केलं? एका पायाचा सेफ्टी सुपरवायझर फाटकाशी शोभत नाही. शिक्का बसलाच. ज्या शिक्क्याला भिऊन पाय घालवला, तो शिक्का घेऊनच भाऊ विमानात चढले. पोचवायला आम्ही दोघे होतो, आणि कंपनीकडून एक टोपी.

डबी आता जाधवच्या छातीवर असते. पायथ्याला प्रश्नही तोच विचारतो. फरक इतकाच, की आधी प्रत्येकाकडून घरचा नंबर तोंडपाठ म्हणवून घेतो.

गेल्या शुक्रवारी मी भाऊंना व्हिडिओ कॉल लावला. वहिनींनी फोन धरला होता. अंगणात लाल प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर भाऊ, लुंगी एका बाजूला सपाट पडलेली. तसली खुर्ची कोकणात घरोघरी असते, तिचा दोष नाही, पण माझी नजर तिच्यावरून हलेना. "कसे आहात, भाऊ?" मी विचारलं.

"विचारा त्यांनाच," फोनमागून वहिनी म्हणाल्या, "रात्री उठून कुठला पाय चोळीत बसतात ता."

भाऊंचा अंगठा सवयीने वर निघाला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, आणि तो हात लुंगीच्या सपाट भागावर ठेवला.

"झालंय, डॉक्टर," ते म्हणाले. "लय झालंय."

मी फोन ठेवला नाही. वहिनींचा हात भरून आला असावा, कारण चित्र हलायला लागलं, आणि मग बराच वेळ मला नुसतं अंगणच दिसत होतं.