रंगवलेली तबकडी

रिहे गावातल्या एका शेतकऱ्याकडे मला जुनं क्रोनोग्राफ सापडलं. मनगटी घड्याळच, पण बाजूची कळ दाबली की सेकंद मोजणारं. जत्रेतल्या शर्यतीत बैलगाडा किती सेकंदांत घाट चढला, ते त्याचे वडील त्यावर बघायचे. काळी तबकडी उन्हानं तपकिरी झाली होती. जुनी घड्याळं जमवणाऱ्यांत असल्या उडालेल्या रंगालाच मोल; त्यासाठी मी वीस वर्षं वणवण केली आहे.

पुढच्या रविवारी बावधनहून घड्याळ घ्यायला गेलो, तर तबकडी कोळशासारखी काळी आणि आकडे नव्यानं रंगवलेले. माझं डोकंच फिरलं.

"कुणी सांगितला होता हा उद्योग? पार वाट लावलीत त्याची." मी त्याच्या ओसरीवर उभा राहून ओरडत होतो. अडाण्यांच्या हातात काही टिकत नाही, असंही बोललो. चहा घेऊन आलेली त्याची बायको दारातच थांबली.

त्यानं आवाज चढवला नाही. "तुमीच म्हनला व्हता, तबकडी पार गेलीया, कामाची न्हाई. पाव्हण्याला तसली वस्तू कशी द्यायची? म्हून पुण्याला जाऊन नवी करून आनली."

म्हणालो होतो. भाव पाडायला मी सगळीकडे हेच म्हणतो. आजवर कुणी ते खरं मानलं नव्हतं.