तिचं बोलणं, माझा आवाज

मंडळात माझा आवाज सगळ्यांना पाठ होता. राजाजीनगरातल्या आमच्या मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, माइक माझ्या हातात. हळदीकुंकू किती वाजता, आरतीचा मान कुणाचा, निळ्या स्वेटरमधलं कुणाचं मूल स्टेजपाशी रडतंय, हे सगळं लोकांनी वर्षानुवर्षं माझ्याच तोंडून ऐकलेलं. तो आवाज कमावलेला होता, हे मात्र फार कुणाला माहीत नव्हतं. मी मूळची निपाणीकडची. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा मंडळातल्या पुण्याच्या दोघी-तिघी पहिल्याच भेटीत तोंडाला रुमाल लावून हसल्या होत्या. मला भयंकर राग आला. पण घरी येऊन मी आरशासमोर 'येते, जाते' घोटत बसले, आणि पुढे त्याच बायकांनी माइक माझ्या हातात दिला.

आमच्या घरामागे एक वठार होतं. वठार म्हणजे एका ओळीत खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक नळ. नव्वदीची मधली वर्षं असतील, तिथे एक बाई राहायला आली. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, आमच्याच भागातली. मुलगा गावी आईपाशी ठेवून ती इथे एका कपड्याच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायची. तिच्या तोंडची भाषा ऐकून मला माहेरचं कुणी आल्यासारखं झालं. सकाळी ती कामाला निघाली की मी फाटकाशी गाठून म्हणायची, "अगं, घोटभर चहा तरी घे."

"नगं अक्का. आल्यावर."

हे रोजचं. पाणीसुद्धा नको. आणि रविवारी मात्र बाईसाहेब तीन-तीन कप चहा पिऊन वर तांब्याभर पाणी प्यायच्या. आधी मला वाटलं, काही व्रत असेल. मग वाटलं, शिष्ट आहे. आमच्या घरात मत विचारलं तर उत्तर मिळालं, "तिनं एकदा तुझा चहा पिऊन पाहिला असेल." यजमानांची विनोदबुद्धी ही अशी.

त्याच सुमाराला बनशंकरी भागातल्या दोन मुली वठारात येऊ लागल्या. कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांवर त्या माहितीपट काढत होत्या. माहितीपट म्हणजे माझ्या डोक्यात थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे ते, धरणं आणि कुटुंबनियोजन. लोक तेवढ्यात बाहेर जाऊन शेंगदाणे घेऊन यायचे. या मुलींचं वेगळंच होतं. त्या कॅमेरा न काढताच कितीतरी वेळा येऊन नुसत्या बसल्या, भाजी निवडली, आणि मग एका रविवारी त्यांनी हिचे शिवणारे हात तेवढे टिपले. चेहरा नाही. चेहरा दिसला असता तर सोमवारी तिला कारखान्याच्या दारातूनच परत पाठवलं असतं, आणि तिच्या पगारावर गावाकडे दोन जीव होते.

आवाजाचीही पंचाईत होती. तिच्या लाइनीत, म्हणजे मशिनींच्या रांगेत, मराठी बोलणारी ती एकटी. दोरा तुटला की मशीनला ज्या शिव्या द्यायची त्या सुपरवायझरपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या ओळखीच्या. एक वाक्य ऐकलं असतं तरी पुरे होतं. तेव्हा तिचं बोलणं दुसऱ्या कुणीतरी बोलायला हवं होतं. तिने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या अक्का माइकवर बोलत्यात की."

मला मोठा मान वाटला. मुलींनी तिच्या बोलण्याचा कागद दिला, तो मी घरी बसून छान सुधारून काढला. ओबडधोबड शब्द काढले, 'न्हाई'चं 'नाही' केलं. बनशंकरीला त्यांच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून रेकॉर्डिंगची सोय केली होती. मी घसा साफ केला आणि वाचायला लागले. तीन वाक्यं झाली असतील, त्या दोघींतली मोठी मुलगी कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, स्वल्प निधान." म्हणजे जरा सावकाश. "आपल्याला बक्षिसं वाटायची नाहीत."

मला राग आलाच, पण ती बरोबर बोलत होती. मग त्यांनी माझ्या कानाला हेडफोन लावला आणि मूळ टेप ऐकवली.

"सकाळी निघताना मी पाणी पीत न्हाई," ती सांगत होती. "चहाबी न्हाई. अख्ख्या लाइनीला एक पितळंचा बिल्ला हाय. खिळ्याला अडकवल्याला असतोय. बिल्ला जाग्यावर असंल तर उठायचं, नसंल तर बसून ऱ्हायाचं. घेऊन गेलं आन् जरा उशीर झाला की सुपरवायझर सगळ्यांदेखत विचारतोय, झोपलीवतीस काय आत? मग तिकडं जायाच लागू नये म्हणून मी पाणीच सोडलं."

टेपवर मागून मुलीचा आवाज आला. "एल्लिगे?" म्हणजे कुठे जायला.

बराच वेळ टेपवर काहीच नाही. नळावर कुणीतरी बादली आपटल्याचा आवाज तेवढा. मग ती म्हणाली, "मुतायला."

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. माझा चहा डोळ्यांपुढे आला, रोजचा फाटकाशी केलेला आग्रह, आणि ती मान हलवून घाईने निघून जायची ते. रडूबिडू आलं नाही, संताप आला. भर उन्हाळ्यातही ही बाई तहान मारून कॉलरी शिवत होती, आणि माझ्यापासून तिची खोली एका भिंतीपलीकडे होती.

तरी तो शब्द काही माझ्याच्याने म्हणवेना. मी म्हटलं, आपण 'बाथरूमला' म्हणू या. ज्या तोंडाने मी 'सुवासिनींनी कृपया पुढे यावे' म्हणते त्या तोंडाने तो शब्द कसा काढायचा? मुलींनी जबरदस्ती केली नाही. धाकटी एवढंच म्हणाली, "तिलाही नको होता, अक्का. तुम्ही ऐकलंत ना, किती थांबली."

हे खरं होतं. मी सुधारलेला कागद उलटा करून ठेवला आणि टेपमधलं तसंच्या तसं बोलायला लागले. इतकी वर्षं घोटलेलं 'येते, जाते' सोडून 'मी उठतो, मी जातो' असं निपाणीचं बोलणं तोंडात परत आलं, तेही काही फार बोलावावं लागलं नाही. अवघड गेलं ते दुसरंच. माइकवर 'मी' म्हणायची मला सवय नव्हती. मंडळातर्फे, आपल्या सर्वांच्या वतीने, असंच आजवर बोलत आले होते. इथे प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी 'मी' होता. मी पाणी पीत न्हाई. मी बसून ऱ्हातो. दहा वेळा म्हटल्यावर मला खरोखरच ओटीपोटात जड वाटायला लागलं. तो शब्द पहिल्यांदा ओठांतच विरला, दुसऱ्यांदा सरळ आला.

फिल्म तयार झाल्यावर मुली ती ठिकठिकाणी दाखवत फिरत होत्या. आपल्या मंडळात दाखवावी असं माझ्या मनात आलं, पण लगेच धास्तीही वाटली. कारण तिच्या कारखान्याचे मोठे साहेब आमच्याच मंडळाचे सभासद होते. मी तिला स्पष्ट सांगितलं. ते आले तर काय होईल सांगता येत नाही, तू नको म्हणालीस तर विषय संपला. तिने विचार करायला वेळ घेतला. मग एका संध्याकाळी आली आणि म्हणाली, "दाखवा. तोंड न्हाई, आवाज न्हाई, मग भ्यायचं कशाला? त्यास्नी कुणी सांगितलंच नसंल. माझं नाव तेवढं तुमच्या तोंडून निघू देऊ नका."

वार्षिक सभेच्या रविवारी दाखवायची ठरली. कमिटीतल्या काहींनी नाकं मुरडली. वर्षातून एकदा माणसं जमतात, काहीतरी हसतंखेळतं ठेवा म्हणाले. पण त्या दिवशी आचारी उशिरा आला, मसालेभाताचं आधण चढायलाच दुपार झाली, आणि लोकांना धरून ठेवायला काहीतरी हवंच होतं. हॉलच्या स्टेजवर टेबल, टेबलावर टीव्ही, व्हीसीआरमध्ये कॅसेट. साहेब दुसऱ्या रांगेत बसलेले मला दिसले. मी माइकवर फिल्मचं नाव सांगितलं आणि कडेला उभी राहिले.

कन्नड आणि तमिळ बोलणाऱ्या बायकांचं झालं. लोक ऐकत होते, मधूनच स्वयंपाकघराकडे माना वळत होत्या. मग तिचे हात आले आणि माझा आवाज. आधी खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "वहिनी नोकरीला कधी लागल्या?" आणखी हसू. मग 'मी पाणी पीत न्हाई' आलं, बिल्ला आला, आणि हसू हळूहळू थांबलं. ती जिथे थांबली होती तिथे मीही थांबले होते. त्या वेळात हॉलमध्ये भातावरचं झाकण उचलल्याचा आवाज ऐकू आला. मग तो शब्द आला. कुणीही हसलं नाही.

फिल्म संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एक काकू उठल्या. त्यांना दिसायचं कमी, ऐकू मात्र सगळं यायचं. त्या काठी टेकत थेट आमच्या यजमानांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "हिला असल्या नोकरीला लावलंस? तुला काही कमी पडलंय का रे?" यजमानांनी परोपरीने समजावलं की हिला साधा सुईत दोरा ओवता येत नाही. काकूंना पटेना. आवाज ओळखतो ना आम्ही, म्हणाल्या.

आता हसायला हरकत नव्हती आणि काहीजण हसलेही. पण मला त्या क्षणी काकूंचं फार बरं वाटलं. तीच कहाणी अनोळखी आवाजात आली असती तर सगळ्यांनी 'अरेरे' म्हणून पानं घेतली असती. घरच्या आवाजात आली म्हणून कुणाला ती झटकता येईना. एक शाळेतल्या बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आमच्या शाळेतही बायकांसाठी वेगळी सोय नाही. मीसुद्धा सकाळपासून पाणी पीत नाही. मला वाटायचं, ही माझीच अडचण." फिल्म काढणाऱ्यांतली मोठी मुलगी आली होती. ती म्हणाली, ही अडचण नाही, हा हक्क आहे. हक्क हा शब्द कन्नडमध्येही जवळजवळ तसाच, त्यामुळे भाषांतर करायला लागलं नाही.

पानं मांडली जात असताना साहेब माझ्यापाशी आले. मवाळ माणूस, आवाज कधी चढायचा नाही. मंडळाचा लाउडस्पीकर त्यांनीच दिला होता.

"वहिनी, आवाज तुमचा, पण बाई दुसरी आहे. आमच्याच युनिटची. तसले बिल्ले आमच्याकडे आहेत."

मी पुढचं पान मांडलं.

"मला खरंच वाईट वाटलं," ते म्हणाले, आणि त्यांना वाटलं होतं, ते दिसत होतं. "जाता-येता तो खिळा पाहिलाय मी. कधी डोक्यातच आलं नाही. तुम्ही मला फक्त तिचं नाव सांगा. मी तिला पॅकिंगला घेतो. तिथे बिल्ला नाही. कुणाला काही कळणार नाही, माझा शब्द."

नाव ओठांवर आलं होतं. खोटं कशाला बोलू? एक नाव घेतलं की तिचे हाल संपत होते, आणि साहेबांच्या शब्दावर माझा विश्वासही होता. पण तिने बजावलेलं आठवलं. सुपरवायझरला कुठून ना कुठून कळलं असतंच. आणि टेपवरची लाइन डोळ्यांपुढे आली, खिळ्याकडे बघत बसलेल्या त्या सगळ्या बायकांची.

"मीच ती," मी म्हटलं.

ते जरा हसले. "वहिनी, चेष्टा नको."

"चेष्टा न्हाई, सायेब. मीच हाय ती. मला पॅकिंगला घ्याल, बाकीच्या बसल्यात त्यांचं काय?"

मंडळात पहिल्यांदाच मी असं निपाणीचं बोलले. शेजारी पुण्याच्या त्या दोघी-तिघींपैकी एक मीठ वाढत होती, तिचा हात थांबला. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग पानावर जाऊन बसले, पण जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "वळखलं काय मला?" युनिट ओळखलं, तुला नाही, मी म्हटलं. पॅकिंगचंही सांगितलं, न सांगता राहवलं नाही. मी तिच्या वतीने नाही म्हणून बसले होते. ती म्हणाली, "बरं केलंसा." पण पुढे कितीतरी दिवस ती कामावरून परतायची वेळ झाली की मी फाटकाशी जाऊन उभी राहायची. तिला काढून टाकलं तर ते माझ्यामुळे, एवढंच डोक्यात. ती कोपऱ्यावर दिसली की मी आत येऊन कुकर लावायची.

मग एक दिवस सकाळी, कामाचाच दिवस, मी तुळशीला पाणी घालत होते. ती डबा घेऊन निघाली आणि फाटकाशी आपणहून थांबली.

"अक्का, पाणी द्या."

मी आत धावले आणि तांब्या काठोकाठ भरून आणला. तिने तो घेतला, आत पाहिलं आणि अर्धं पाणी तुळशीत ओतलं.

"एकाचं दोन बिल्लं केल्यात," ती म्हणाली. "अजून बिल्ला हायच."

उरलेलं पाणी तिने उभ्याउभ्याच सगळं प्यायलं, पदराने तोंड पुसलं, तांब्या माझ्या हातात दिला आणि बस गाठायला गेली.