चादरीतली मोटर

दुष्काळात मोटर लावून पाणी उपसणारे चोर पकडायला पैठणच्या धरणात होड्यांची झडती चालू होती, आणि मी पलीकडच्या काठावरच्या बहिणीसाठी घेतलेली पाण्याची मोटर चादरीत गुंडाळून होडीत ठेवली. होडीवाला अनोळखी, चादरीत काय आहे हे त्यानं विचारलंही नाही. मध्येच पहाऱ्याची बोट आडवी आली. होडीवाल्यानं सवयीनं जाळं उचलून दाखवलं, भाकरीचं फडकंही सोडलं, आणि शिपायाला म्हणाला,

"संभाजीनगर तहानलंय, कळतं. पर रोज माझी भाकर बी उकलायची व्हय?"

शिपायानं चादर ओढली. मोटरीबरोबर आता होडीही जप्त होणार म्हणून होडीवाला माझ्याकडे बघू लागला.

"मोटर माझी," मी म्हटलं. "ह्याला ठाऊक नव्हतं."

मोटर गेली, होडी सुटली. काठावर उतरून मी विचारलं, "परतीला न्याल ना?"

"नाय साहेब. झडतीचं भ्या गेलंय आता. तुमचं भ्या लई वाटतं."