केळीच्या पानातली कलेजी

आमच्या भाषेत नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. तिचं खरं नाव आता कुणाच्या लक्षात नाही. मसाका शहराच्या रस्त्याला तिची खानावळ आहे; मागे डुकरांचा गोठा, पुढे निखारे आणि दोन बाकं. मला लिहायची सवय नाही, जमेल तसं सांगतो.

शनिवारी डुक्कर कापलं की कलेजी निखाऱ्यांना नुसती दाखवायची आणि आतून गुलाबी असतानाच वारागीच्या, म्हणजे आमच्या गावठी दारूच्या, घोटाबरोबर खायची, अशी आमची रीत. पहिला तुकडा तिच्या नवऱ्याचा. मग एकदा त्याचेच डोळे हळदीसारखे पिवळे झाले. अन्न जाईना, उठवेना. लोक म्हणाले, करणी.

दवाखान्यातल्या नामुली सिस्टरने रक्त तपासायला पाठवलं. "करणी कसली! हिपॅटायटिस ई आहे. डुकरातून येतो, अर्धकच्च्या कलेजीतून."

"माझी डुकरं ठणठणीत आहेत हो, सिस्टर!" नालोंगो म्हणाली.

"तेच तर. त्यांना काही होत नाही, भोगतो आपण. कलेजी पूर्ण शिजव, कापल्यावर हात साबणाने धू."

नालोंगोने गुलाबी कलेजी बंद केली. विटा पाडणारा कावुमा बाकावरून ओरडला, "मग काय चपलेचा तळवा चावू? चला रे, समोर जाऊ!" सगळे समोरच्या खानावळीत गेले. मीही गेलो. तीन शनिवार तिची बाकं रिकामी, नवरा अंथरुणात. आणखी काही दिवस असं चाललं असतं, तर डुकरं विकून चूल विझवावी लागली असती.

चौथ्या शनिवारी ती रस्ता ओलांडून आली. हातात केळीच्या पानाचं पुडकं. आमच्याकडे लुवोम्बो, म्हणजे पानात बांधून वाफवलेलं कालवण, असंच पाहुण्यासमोर सोडतात, आणि समोर सोडलेल्याला नाही म्हणत नाहीत. पण त्यात डुकराची कलेजी कुणी कधी बांधली नव्हती! तिने कावुमापुढे गाठ सोडली. वाफ आली, शेंगदाण्याच्या रश्श्याचा वास साऱ्या बाकांवर पसरला.

"खा, दादा. सकाळपासून वाफेवर आहे. तळवा लागला तर थुंक माझ्या तोंडावर."

कावुमाने खाल्लं. पान बोटाने पुसून चाटलं.

"अजून आहे?"

"आहे ना. माझ्या बाकावर."

कावुमा उठला, त्याच्यामागे सगळी खानावळ उठली. समोरचा मालक रिकाम्या बाकांकडे बघत राहिला; पुढच्याच आठवड्यात तो गाठ कशी मारायची ते विचारायला आला. नालोंगोने शिकवलं, आधी त्याला हात धुवायला लावून.

नवरा आता बरा आहे, डोळ्यांतला पिवळेपणा गेलाय. शनिवारी पानं तोच शेकतो. पहिलं पुडकं अजूनही त्याचंच, पण ते नालोंगो सोडते. आत गुलाबी काही दिसलं तर पुन्हा बांधून वाफेवर ठेवते, आणि कावुमासुद्धा मुकाट्याने थांबतो.