वाइनमधला मोगरा

यंत्राला धर्म नसतो, जात नसते, आवडनिवड नसते. ते फक्त आहे ते सांगतं. हे वाक्य मी प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत असे, आणि ऐकवताना ज्या यंत्राकडे हात करत असे, त्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं उमटलेली असत. खंडेनवमीला आम्ही त्याची पूजा करतो. यंत्र परदेशी आहे. त्याची हरकत नसते.

काम तसं साधं. वाइन छोट्या बाटलीत कोमट करायची आणि वर जमलेल्या वाफेत केसाएवढा तंतू धरायचा. तो वास शोषून घेतो. मग यंत्र त्या वासाची फोड करतं आणि प्रत्येक घटकाचा एकेक उंचवटा आपापल्या ठरलेल्या मिनिटाला कागदावर येतो. चाखणारे जाणकार डोळे मिटून ज्याला ‘उन्हाळ्याची आठवण’ म्हणतात, ते बहुतेक वेळा केळ्याच्या वासाचं आयसोअमाइल ॲसिटेट असतं.

त्या वर्षी गंगापूरकडच्या एका द्राक्षवाल्यानं त्याची पहिलीच वाइन तपासायला दिली होती. पूजेनंतर मुहूर्ताचा नमुना म्हणून आम्ही तीच लावली. कागदावर मोगऱ्याच्या वासाचं बेंझिल ॲसिटेट आलं, आणि शेजारी सुगंधी द्रव्यं पातळ करायला वापरतात ते रसायन. म्हणजे बाहेरून वास घातलेला. मी फोन केला.

“सायेब, मी यीस्टशिवाय कायबी घातलं नाय. आन् मोगरा तर आमच्या बांधावरबी नाय.”

माणूस खरं बोलत होता, हे मला पटलं. मग मी माझ्या सहकाऱ्याकडे पाहिलं. चाळिशीचा, यंत्र माझ्याइतकंच जाणणारा, पण कंत्राटावर. त्याच्या वडिलांचं शहरात अत्तराचं दुकान आहे. एवढा पुरावा मला पुरला.

“अत्तर लावून बाटल्या भरता?”

“सर, एकदा रिकामी बाटली चालवून बघू का?”

“आधी हात धुऊन या.”

तो कोपरापर्यंत हात धुऊन आला. त्याचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं आणि मुदतवाढ माझ्या शेऱ्यावर अवलंबून होती. मी अर्जावर ‘कामात निष्काळजी’ असं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं. सकाळी पाठवू म्हणून अर्ज खणात ठेवला.

सकाळी तो माझ्याआधी आलेला होता. त्यानं माझ्यासमोर दोन कागद ठेवले. पहिला रिकाम्या बाटलीचा: मोगरा नाही. दुसऱ्यासाठी त्यानं पूजेच्या कपाटातली अगरबत्ती पेटवून तंतू तिच्याजवळ उघडा धरला होता. मोगरा आणि ते रसायन, दोन्ही वाइनच्या कागदावर होते अगदी त्याच मिनिटाला हजर.

बाटली त्यानं भरली होती, पण तंतू मी धरला होता. वापरण्याआधी तो तापवून कोरा करावा लागतो. ते न करता, आरती होईपर्यंत मी तो टेबलावर अगरबत्तीशेजारी उघडा ठेवला होता.

कागद ठेवून तो खुर्चीत बसला आणि वाट पाहू लागला.

मी खणातला अर्ज फाडला, नवा लिहिला. वाइन पुन्हा तपासली. केळं, सफरचंद, गुलाब, सगळं यीस्टचंच, स्वच्छ. द्राक्षवाल्याला अहवाल गेला. सहकाऱ्याला मुदतवाढ मिळाली. माफी मागायला मात्र मला चार दिवस लागले. कँटीनमध्ये मी पूर्वग्रह, विज्ञान आणि विवेक यांवर बरंच बोललो. तो चहावर फुंकर घालत होता.

“सर, तुम्ही विचारलंत, पण उत्तराला थांबला नाय,” तो म्हणाला. “अत्तर मी इथं लागलो तेव्हाच सोडलं. अब्बा अजून नाराज हायेत. पण नियम हाय ना, सुगंधी द्रव्य लावून आत यायचं नाय.”

तो नियम मीच लिहिलेला आहे. त्यात अगरबत्तीचा उल्लेख नाही.