मी बाद केलेली पुस्तकं

तंजावुरातल्या आमच्या मराठी मंडळींत बरीच वर्षं माझी एकच ओळख होती: पुस्तकं फेकणारी बाई. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली एखादी वयस्क बाई मला निरखायची आणि विचारायची, "तीच का गं तू?" मी म्हणायचे, "हो, तीच." खोटं कशाला बोलू? एकेक पुस्तक हातात घेऊन, बघून, यादीत लिहून, खाली सही करून मी पुस्तकं बाद केली होती. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला मी राजवाड्यामागच्या गल्लीतल्या सरकारी शाखा ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. राजवाड्यात पोथ्यांचं जुनं ग्रंथालय आहे, ते वेगळं. तिथलं काम राखण्याचं. पान फाटलं तरी ते पान मोलाचं. आमचं म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. सकाळी पेपर वाचायला निवृत्त माणसं यायची, दुपारी कॉलेज सुटल्यावर तिरुवैयारुकडची बस चुकलेल्या मुली. ह्या दोन ग्रंथालयांतला फरक लोकांच्या डोक्यात बसवण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

माझ्याआधीच्या ग्रंथपालांनी किल्ल्या हातात देताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "एकही पुस्तक काढू नका. कमी झालं तर तुमच्या माथी. सडलं तर कोणाच्याच माथी नाही." त्यांनी तीस वर्षं हा नियम पाळला होता. कपाटं इतकी गच्च होती की एक पुस्तक ओढलं की शेजारची दोन अंगावर यायची. जिल्हा कार्यालयातून आलेले नव्या पुस्तकांचे गठ्ठे सुतळीसकट जमिनीवर पडून होते. त्यांना जागाच नव्हती.

गावात तेव्हा सगळंच बदलत होतं. प्रत्येक गल्लीत कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, छपरांवर केबलच्या तारा आल्या होत्या आणि ह्या मुलींना बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या. त्या आमच्याकडे कॉम्प्युटरचं पुस्तक मागायच्या, आणि आमच्याकडे होतं व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करायचं. पुस्तकांची निवड आमच्या हातात नव्हती. वरची, जिल्हा कार्यालयातली, समिती ठरवायची. मग मी ओसरीवर एक वही दोरीने बांधली आणि सांगितलं, हवं ते लिहा. मुलींनी लिहिलं. बँकेची परीक्षा. शॉर्टहँड. कॉलरचा ब्लाऊज कसा बेततात. ती वही मी दर तीन महिन्यांनी उतरवून वर पाठवायचे. दोनदा उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा आलं: मागणीप्रमाणे पुस्तकं पाठवू, पण तुमच्याकडे जागा आहे का?

नव्हती. तरीही मी लगेच काही केलं नाही, हे खरं सांगते. मलाही भीती होती.

ती भीती एका बाईने घालवली. ती कालव्याकाठच्या एका खेड्यातली, शिवणकाम करणारी, पहिलटकरीण. बाळंतपणाआधी तिने आमच्याकडून बालसंगोपनाचं एक जाड पुस्तक नेलं होतं. ते परत करायला आली तेव्हा कडेवर सात-आठ महिन्यांचं मूल होतं, हातपाय काडीसारखे.

"काय झालं याला?" मी विचारलं.

"जुलाब झाले होते. मी पाणी तोडलं."

"का तोडलंत?"

तिने पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं. जुलाब होत असता मुलास पाणी देऊ नये, असं त्यात स्वच्छ छापलं होतं. गावच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सने मुलाला मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजून वाचवलं होतं आणि हिला खूप बोलली होती.

"नर्सबाई म्हणाली, तुला कोणी सांगितलं हे? मी म्हटलं, लायब्ररीच्या पुस्तकात आहे." ती मला दोष देत नव्हती. तिला फक्त कळत नव्हतं. "पुस्तकात चुकीचं कसं असेल, अक्का?"

मी त्या पुस्तकाचं पहिलं पान बघितलं. ते माझ्या जन्माआधी छापलं होतं. तरी तारखांच्या चिठ्ठीवर शिक्के होते. माझ्यासुद्धा हातचे. ती गेल्यावर मी ते पुस्तक कपाटात ठेवलं नाही. टेबलाच्या खणात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या कपाटापासून सुरुवात केली.

पद्धत साधी होती. पुस्तक उघडायचं, तारखांची चिठ्ठी बघायची, शेवटचं कधी नेलं ते बघायचं. बांधणी, पानं, कसर. आणि शेवटची गोष्ट, जी कुठल्याही परिपत्रकात नव्हती: यात लिहिलंय ते अजून खरं आहे का? कादंबऱ्यांना मी हा प्रश्न विचारला नाही. आजार, कायदा, शेतीची औषधं, परीक्षा यांना विचारला. एकाच कथासंग्रहाच्या पाच प्रती असल्या तर दोन ठेवल्या. मुलींनी वाचून वाचून पानं सुटलेल्या तमिळ कादंबऱ्या आमच्या वाचक समितीतल्या लोकांना कचरा वाटायच्या; त्या मी बांधायला पाठवल्या. जे वाचून फाटतं ते टाकायचं नसतं, नवं आणायचं असतं.

दोन महिन्यांत तमिळ आणि इंग्रजी कपाटं झाली. राहिली कोपऱ्यातली दोन लाकडी कपाटं, कुलूप लावलेली. किल्ली मामांकडे होती.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, निवृत्त हेडमास्तर. ग्रंथालयाच्या वाचक समितीचे अध्यक्ष तेच. वडील लवकर गेल्यावर मला त्यांनीच शिकवलं. देवनागरी अक्षरं त्यांच्याच ओट्यावर मी गिरवली. आता हे जे मराठी मी लिहितेय ते त्यांच्या शिकवणीचं. आमचं घरातलं मराठी वेगळं, जुनं, तमिळ हेल असलेलं. ऐकून पुण्याची माणसं हसतात. मी रुजू होण्याच्या काही वर्षं आधी मामांनी घरोघर फिरून मराठी पुस्तकं गोळा केली होती आणि ग्रंथालयाला दान दिली होती. लोक खराब करतील म्हणून कुलूप त्यांनीच लावलं होतं.

मी किल्ली मागितली. "मोजणी आहे," म्हटलं. ते खोटं नव्हतं.

त्या कपाटांत चांगली नाटकं होती, कादंबऱ्या होत्या, लहान मुलांच्या गोष्टी होत्या. आणि होतं रेल्वेचं जुनं वेळापत्रक. मुंबईकडच्या कुठल्याशा पतपेढीचा अहवाल. पाठ्यपुस्तकं, ज्यांचा अभ्यासक्रम कधीच बदलला होता. एकाच स्तोत्राच्या अकरा पुस्तिका. निम्म्याहून जास्त पुस्तकांना वाळवीने आतून पोखरलं होतं. आणि सगळ्या तारखांच्या चिठ्ठ्या कोऱ्या. एकीवरसुद्धा शिक्का नाही.

मी सगळ्या कपाटांची मिळून यादी केली आणि समितीच्या बैठकीत ठेवली. पाच माणसं, पाचही पुरुष, ओसरीवर खुर्च्या टाकून बसलेले. पहिली पानं कोणी वाचलीसुद्धा नाहीत. शेवटच्या पानावर मामा थांबले.

"ही कोणाची पुस्तकं आहेत, ठाऊक आहे ना तुला?"

"ग्रंथालयाची, मामा. दान दिलीत तेव्हापासून."

"आपल्या पूर्वजांनी ह्या परक्या मुलखात एवढी शतकं भाषा राखली. आणि आमच्याच घरची मुलगी तिला रद्दीत घालते!"

"रेल्वेचं वेळापत्रक म्हणजे भाषा नव्हे."

"उलट बोलू नकोस."

"मग विचारते. तुमच्या नातवंडांतल्या एकाला तरी यातलं एक पान वाचता येतं का?"

 मामांचा चेहरा लाल झाला. मी लागेल असं बोलले होते, आणि लागावं म्हणूनच बोलले होते. त्यांची नातवंडं मराठी समजायची, उत्तर तमिळमध्ये द्यायची. आमच्या सगळ्याच घरांत तसं होतं.

"ठराव नामंजूर," मामा म्हणाले आणि उठले. जाताना त्यांनी हात पुढे केला. "किल्ली."

"किल्ली माझ्याकडे राहील," मी म्हटलं. "कपाटं सरकारी आहेत."

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. आई रडली. म्हणाली, "त्यांच्या पाया पडून ये, दोन कपाटांनी तुझं काय अडलंय?" मी गेले नाही. मी यादी तशीच जिल्हा कार्यालयाला पाठवली आणि खाली लिहिलं: समितीचा विरोध आहे, जबाबदारी माझी. महिन्याभराने तपासणीला अधिकारी आले. त्यांनी यादी चाळली, दोन-चार पुस्तकं स्वतः उघडून बघितली, त्या बालसंगोपनाच्या पुस्तकावर जरा वेळ थांबले.

"बाकी सगळं मंजूर करतो," ते म्हणाले, "पण ती मराठी कपाटं सोडा. समाजाचा प्रश्न होतो. उद्या मोर्चा आणतील."

"समाज माझाच आहे, सर. येऊ दे मोर्चा. निदान त्या निमित्ताने कपाटांपाशी तरी कोणी येईल."

ते हसले नाहीत. "तुमची बदली झाली तर?"

"तिथेही कपाटं असतीलच."

त्यांनी पेन उघडलं. मग एक अट घातली: बाद करण्याआधी ती पुस्तकं महिनाभर लोकांसमोर ठेवायची, ज्याला हवं त्याने न्यावं. मी म्हटलं, कबूल.

दुसऱ्याच आठवड्यात कपाटं ओसरीवर आणली आणि दारं उघडी टाकली. पाटी मराठीत लिहिली, पण तमिळ अक्षरांत, कारण आमच्या लोकांना तीच वाचता येत होती. पहिल्या दिवशी लोक आले ते भांडायलाच. एका वकिलाने मला चांगलंच सुनावलं, मग वाळवीचं एक पुस्तक उचललं, ते हातातच भुगा झालं, तेव्हा रुमालाने हात पुसत निघून गेला. आठवडाभराने बायका यायला लागल्या. वरून दिसायला फार काही घडलं नाही. कोणी आजोबांची सही असलेलं पुस्तक नेलं, कोणी स्तोत्राची पुस्तिका. पण पोस्टात नोकरी करणारी एक तरुण मुलगी रोज संध्याकाळी यायची आणि मुलांच्या गोष्टींतली चित्रं बघत उभी राहायची.

"वाचता येतं?" मी विचारलं.

"नाही. आजी बोलते तसंच आहे का हे?"

मी एक गोष्ट वाचून दाखवली. ती मध्येच म्हणाली, "हो! हा शब्द आम्ही म्हणतो!" दुसऱ्या दिवशी तिने दोरीला बांधलेल्या वहीत तमिळमध्ये लिहिलं: मराठी अक्षरं शिकायचं पुस्तक मागवा. आमच्या ग्रंथालयात मराठीसाठी कोणी लिहिलेली ती पहिली मागणी होती. ती वर पाठवून मी पाठपुरावा केला, तीन पत्रं लिहिली, आणि बाराखडीची सहा पुस्तकं आली. सहाही फाटेपर्यंत वापरली गेली.

महिना संपल्यावर यादीतली उरलेली पुस्तकं मी बाद केली. चांगली होती ती कपाटांतून काढून उघड्या फळीवर लावली, तमिळच्या शेजारी, हात पोचेल अशी. मोर्चा आला नाही. बदलीही झाली नाही. रिकाम्या झालेल्या जागेत जमिनीवरचे गठ्ठे सुटले, आणि नर्सबाईला विचारून मागवलेली आरोग्याची पुस्तकं लागली.

एक चूक झाली. तीही सांगते.

सहा-सात वर्षांनी मामा एका सकाळी ग्रंथालयात आले. मामी गेल्या होत्या, काठी हातात आली होती. समितीतून ते कधीच बाहेर पडले होते. माझ्या टेबलापुढे उभे राहून, माझ्याकडे न बघता त्यांनी एका नाटकाबद्दल विचारलं. तरुणपणी त्यांनी आणि मामींनी मिळून ते मोठ्याने वाचलं होतं, एवढंच म्हणाले.

मला ते पुस्तक आठवलं. मुखपृष्ठ नव्हतं, शेवटची पानं नव्हती. मीच बाद केलं होतं.

"नाही, मामा," मी म्हटलं. "मी काढलं ते."

मला वाटलं आता ते काठी आपटतील. ते नुसतं "हं" म्हणाले. मी माफी मागितली नाही. एका पुस्तकासाठी मागितली असती, तर ती सगळ्या यादीची झाली असती, आणि त्या यादीखाली मी पुन्हा सही करायला तयार होते.

"मुंबईच्या ग्रंथालयाला पत्र टाकते," मी म्हटलं. "वेळ लागेल."

"टाक." मग ते फळीपाशी गेले.  एक कादंबरी काढून टेबलावर ठेवली. मी कार्ड मागितलं, तेव्हा कळलं की त्यांच्याकडे कार्डच नव्हतं. एवढी वर्षं वाचक समितीचे अध्यक्ष होते, पण सभासद कधी झालेच नव्हते. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी हेडमास्तरी अक्षरात तो भरला, आणि मी त्यांच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला.

चौदा दिवसांनी, बरोबर मुदतीत, ते पुस्तक परत घेऊन आले. माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "छपाई फार बारीक आहे. असली पुस्तकं ठेवूच नयेत."

"वहीत लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं.