वाट्याचं उभं राहणं

त्यांना काहीही विचारलं, की पहिलं उत्तर यायचं, "माहीत नाही." छावणीत माणसं किती होती? माहीत नाही. पहारेकऱ्याचं नाव काय? माहीत नाही. शाळेची मुलं गोंधळून बाईंकडे बघायची. हे आजोबा तर तिथे होते, मग यांना माहीत कसं नाही? मुलं पुरेशी गोंधळली, की ते बोट वर करायचे. "आमच्या फळीवर सहाजण झोपायचो. एकाला कूस बदलायची असली तर सहाही जणांना बदलावी लागायची. हे मला माहीत आहे. सहा. पाच नाही, सात नाही." माझी मुलगी शिरा एकदा माझ्याबरोबर त्यांना ऐकायला आली होती. परतताना म्हणाली, "पप्पा, ही इज मिस्टर डोन्ट-नो." तेव्हापासून आमच्या घरात ते माहीत-नाही आजोबा झाले.

दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छावण्यांत ज्यूंवर जे गुदरलं ते जपून ठेवणारं एक संग्रहालय सिडनीत आहे. मी केलीव्हिलला राहतो, काम कॉम्प्युटरचं. पण बुधवारी शाळांच्या सहलींना आत फिरवून आणायला हौसेने तिथे जायचो. आजोबा बुधवारचे साक्षीदार. वय चौऱ्याण्णव, मूळचे हंगेरीतल्या एका लहान गावचे. मी मुंबईकडचा म्हणून मला ते नावाने कधी हाक मारत नसत, "बॉम्बे" म्हणत.

त्यांना उभं राहिलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. छावणीत पहाटे हजेरी असे. लाकडी बुटांत, बर्फात, आकडा जुळेपर्यंत उभं राहायचं. रात्री जे मेले त्यांनाही ओळीत आणून ठेवावं लागे, कारण आकडा जुळायला हवा. "उभं राहायचं माझं झालंय," ते म्हणायचे आणि दिसेल त्या खुर्चीवर बसायचे. कॉफीच्या रांगेत मला ढकलायचे. "जा, बॉम्बे. तुझ्या वाट्याचं उभं राहणं अजून बाकी आहे." मी हसत जायचो. नेहमीचाच विनोद.

पण खऱ्याखोट्याच्या बाबतीत त्यांच्याशी विनोद चालत नसे. एका कपाटात एक वाकडा चमचा ठेवला होता, त्याखाली त्यांच्या बराकीचं नाव लिहिलेलं. त्यांनी दोन महिने भांडून ती पाटी काढायला लावली. आमच्या बराकीत चमचे नव्हते, ज्याचा असेल त्याचं नाव लिहा. मी म्हटलं, एवढ्याशा चमच्याने काय बिघडतं? ते म्हणाले, "जे म्हणतात हे सगळं घडलंच नाही, ते या चमच्यासाठीच टपून बसलेत."

धाकट्या भावाबद्दल ते मुलांना चारच वाक्यं सांगत. गाडीतून उतरताना कुणीतरी कानात म्हणालं, सोळा सांग. मी चौदाचा, सोळा म्हणालो. लात्सी अकराचा होता आणि अकराच म्हणाला, तो डावीकडे गेला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. डावीकडची रांग थेट मरणाकडे जायची, पण मेला, मारला, असा शब्द ते कधी वापरत नसत. पाहिलं नाही, एवढंच.

आता माझं. हे मी घरीही सांगितलेलं नाही.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले मराठी ज्यू. आमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असायचे, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. त्यापलीकडे गावाने आमचं काही वाकडं केलं नाही. इथे सिडनीत प्रार्थनेला गेलं, की कुणीतरी प्रेमाने विचारतं, तुमचे कोण कोण गेले? "कोणी नाही" म्हणताना माझी मान खाली जायची, गृहपाठ न केलेल्या मुलासारखी. ज्यांनी एवढं सोसलं त्यांच्या घरात मी आयता येऊन बसलोय, असं वाटायचं.

एका बुधवारी पेंडल हिलकडच्या शाळेची मुलं आली. निम्मी आपलीच, भारतीय. एका मुलीने अगदी साधेपणाने विचारलं, "पण अंकल, तुम्ही तर इंडियन. तुमचं यात काय?"

मी म्हणालो, "माझ्या आजोबांचे भाऊ. शालोम. छावणीत गेले."

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते मला आवडलं. हेच लिहायला मला इतका वेळ लागला, की ते मला आवडलं.

आजोबा दाराजवळच्या खुर्चीत होते. मुलं गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. इतके दिवस सांगितलं का नाहीस? आडनाव काय? कुठून नेलं?

"माहीत नाही," मी म्हणालो. त्यांचंच वाक्य चोरून त्यांनाच दिलं. त्यांनी आदराने मान हलवली.

पुढच्या बुधवारपासून त्यांनी शोध सुरू केला. छावण्यांत नेलेल्यांच्या नावांच्या याद्यांच्या झेरॉक्स, एक भिंग, एक पेन्सिल. लात्सीला ते कित्येक वर्षं शोधतच होते. म्हणाले, आता दोघांना एकदमच शोधतो. डॉक्टरांनी डोळ्यांना ताण द्यायची मनाई केली होती. मी म्हटलं, राहू द्या. "डोळे आणखी कशासाठी राखून ठेवू?" दर बुधवारी हिशेब द्यायचे. फ्रान्सच्या संपल्या. हॉलंडच्या संपल्या. शालोम पुष्कळ आहेत, तुझा नाही. मी कॉफी आणायचो, भिंग पुसून द्यायचो, आणि गप्प बसायचो. असे सात बुधवार.

आठव्या बुधवारी त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. जर्मनीतल्या दप्तरखान्याला पत्र होतं, हाताने लिहिलेलं, जर्मनमध्ये. ती भाषा सुटकेनंतर त्यांनी ना तोंडात घेतली होती, ना कागदावर. म्हणाले, त्यांच्या भाषेत विचारलं तर लवकर शोधतील. पोस्टात टाकशील?

"हे टाकायला नको," मी म्हणालो. "शालोमआजोबा छावणीत नव्हतेच. अलिबागला वारले. म्हातारे होऊन."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तू पाहिलंस?"

"हो. नऊ वर्षांचा होतो. पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो."

"कोण कोण होतं?"

मी सांगितलं. शनिवारची सकाळ. आजी त्यांच्या कानाशी शेमाची प्रार्थना म्हणत होती. शेजारचे डॉक्टर, मुसलमान, नाडी धरून बसलेले. दारात मासळीवाली मावशी पाटी खाली ठेवून रडत होती. दुसऱ्या दिवशी खांदा द्यायला अख्खी आळी लोटली.

"दार ठोठावायला कुणी आलं नाही? कधीच?"

"दार दिवसभर उघडंच असायचं."

त्यांनी समोरच्या याद्या एकावर एक रचल्या. मग म्हणाले, "मी एकदा खोटं बोललो. दोन वर्षांचं. जगायला. तू कशासाठी बोललास?"

"मान मिळावा म्हणून."

"लात्सी कुठे गेला, त्याच्याजवळ कोण होतं, मला माहीत नाही. ऐंशी वर्षं माहीत नाही. तुला तुझ्या माणसाचं सगळं माहीत होतं, बॉम्बे. ते तू फेकून दिलंस."

पाकीट त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्या मुलीला जाऊन सांग, म्हणाले. खोटं बोललास ते सांग, आणि तो पलंग, तो डॉक्टर, ते उघडं दारही सांग. असंही एक गाव होतं हे मुलांना कळायला हवं. "मी नाही सांगू शकत. मी पाहिलेलं नाही."

मी म्हणालो, बघतो.

"तुझ्या वाट्याचं उभं राहणं अजून बाकी आहे," ते म्हणाले. या वेळी मी हसलो नाही.

बघतो म्हणालो आणि बघत राहिलो. शाळेच्या परीक्षा असतील, मग सुट्ट्या असतील. प्रत्येक बुधवारी ते एकच शब्द विचारायचे, "गेलास?" आणि मी नकारार्थी मान हलवायचो. कॉफी मी आणायचो, ते घ्यायचे नाहीत. पाचव्या बुधवारी दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

दफनाला मीही गेलो. आमच्यात प्रत्येकाने थोडी माती लोटायची असते. माझी पाळी आली तेव्हा फावडं हातात जड झालं. सगळे निघून गेले तरी मी तिथेच होतो. मग गाडीत बसायच्या आधी शाळेला फोन केला.

वर्गात बाईंनी मला लगेच ओळखलं. मुलांना म्हणाल्या, आठवतात ना हे, यांचे आजोबा... मी त्यांना थांबवलं. ती मुलगी तिसऱ्या बाकावर होती. बाईंनी खुर्ची पुढे केली, बसा ना, निवांत बोला.

मी म्हणालो, "नको. मी उभाच राहतो."